मऊ फळांची ब्रँडी मुंबईच्या हवेत: फळ निवडण्यापासून बाटली भरेपर्यंत

स्ट्रॉबेरीचा मोसम सुरू झाला की त्याच त्या तक्रारी वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतात. तिसऱ्या दिवशी बरणीचं झाकण उघडताना फस्स असा आवाज आला. आठवड्याने वर पांढरी बुरशी धरली. सगळं नीट झालं, पण महिन्याभरात लालचुटुक रंगाचा विटकरी झाला आणि चव खोकल्याच्या औषधासारखी लागली. कृती काय केली होती असं विचारलं, तर ती बहुतेक वेळा थंड देशातली निघते: फळ आणि साखर थरावर थर भरा, दोन दिवस ओट्यावर राहू द्या, रस सुटला की ब्रँडी ओता. बारा-पंधरा अंशांच्या स्वयंपाकघरात हे निभतं. मुंबईत तीस अंशांच्या दमट हवेत, साखरेने सुटलेल्या रसात, फळाच्या सालीवरचं रानटी यीस्ट दोन दिवसांत कामाला लागलेलं असतं. ब्रँडी ओतायची वेळ येते तोवर रस आंबायला लागलेला असतो.

म्हणून खालच्या पद्धतीत क्रम उलटा आहे. आधी ब्रँडी, तिच्यात कोरडं फळ, आणि साखर सगळ्यात शेवटी, फळ गाळून काढल्यावर. या क्रमाला मी फार जपते, आणि तुम्हीही जपावं. बाकी प्रमाणं थोडी इकडेतिकडे झाली तरी सांभाळून घेता येतात.

## भट्टी नाही, आंबवणंही नाही

इथे ‘घरची ब्रँडी’ म्हणजे दुकानातून आणलेल्या सीलबंद ब्रँडीत मुरवलेलं फळ. घरी दारू गाळायची नाही. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि विनापरवाना दारू गाळणं हा गुन्हा आहे. फळांचा रस आंबवून घरी दारू बनवण्यालाही त्याच कायद्याखाली परवाना लागतो. कायदा बाजूला ठेवला तरी कुकरला नळी जोडून दारू गाळण्याचे जे व्हिडिओ फिरतात, ते सदनिकेच्या स्वयंपाकघरात करून बघणं म्हणजे पेटत्या शेगडीशेजारी अल्कोहोलची वाफ सोडणं. शिवाय फळांतल्या पेक्टिनमुळे (मुरंबा घट्ट करणारा फळाचा घटक) आंबताना थोडं मिथेनॉलही (विषारी अल्कोहोल) तयार होतं, आणि गाळताना ते कुठे साठतंय हे चवीने किंवा वासाने ओळखता येत नाही.

मिथेनॉल काय करतं हे या शहराला सांगायची गरज नाही. २०१५च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली. तेव्हा सुटी दारू, हातभट्टीची, कुणीतरी ‘गावाहून आणलेली कडक’, प्रयोगशाळेतला किंवा पॉलिशचा स्पिरिट, यातलं काहीही फळ मुरवायला वापरू नका. फळाचा वास आणि साखर वाईट दारूची चव झाकते, तिच्यातलं विष काढत नाही.

महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय २५ पूर्ण लागतं आणि दारू पिण्याचा परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना दुकानातच मिळतो. तयार झालेली ब्रँडी विकायची नाही, ‘फक्त साहित्याचे पैसे’ म्हणूनही नाही.

## टप्पा १: बाजारात जाण्याआधी ब्रँडी आणि बरणी

फळ आणल्यावर ब्रँडी शोधायला निघू नका. जांभळाचा मोसम सरण्याच्या सुमाराला आषाढी एकादशी येते, त्या दिवशी दुकानं बंद असतात. अनंत चतुर्दशी, २ ऑक्टोबर, निवडणुकीचे दिवस, यांचंही तेच. पिकलेलं जांभूळ दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही. फळ घरात येईल तेव्हा ब्रँडी आधीच कपाटात असायला हवी.

आपल्याकडे मिळणाऱ्या ब्रँडीच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के अल्कोहोल असं लिहिलेलं असतं. हे प्रमाण आपल्या कामाला योग्य आहे. बाटली ७५० मिलिलिटरची घ्या, म्हणजे हिशोब सोपा राहतो. लेबल वाचा. बऱ्याच देशी ब्रँडींमध्ये साध्या स्पिरिटमध्ये द्राक्षाचं स्पिरिट मिसळलेलं असतं आणि वर कॅरॅमलचा रंग व स्वाद असतो. त्यातही जिचा स्वाद कमी भडक, रंग जरा फिका, ती आपल्यासाठी चांगली. महागडी, लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरलेली ब्रँडी यात घालवू नका, फळापुढे तिचा वास हरवतो. अगदी स्वस्तातलीही नको, तिचा घशाला लागणारा जाळ फळाने जात नाही. वाइन, बाटलीबंद गोड पेयं आणि कमी तीव्रतेची दारू या पद्धतीत चालत नाही. का ते पाचव्या टप्प्यात येईल.

बरणी काचेची, रुंद तोंडाची, साधारण दीड लिटरची. लोणच्याची चिनी मातीची बरणी दिसायला छान असली तरी इथे टाळा. जुन्या किंवा रंगीत बरण्यांच्या चकाकीत शिसं असू शकतं, आणि आंबट रस व अल्कोहोल मिळून ते हळूहळू ओढून घेतात. जाड कटग्लासच्या डिकँटरचंही (दारू ठेवायच्या नक्षीदार काचेच्या सुरईचंही) तेच. प्लास्टिकची बरणी नको. पत्र्याचं झाकण असेल तर आतला थर शाबूत आहे का ते बघा, नाहीतर आंबट फळाने झाकण गंजतं.

बरणी साबणाने धुवा, कढत पाण्याने विसळा (काच आधी कोमट पाण्याने तापवून घ्या, नाहीतर तडकेल) आणि पूर्ण वाळू द्या. ओव्हन असेल तर ११० अंशांवर पंधरा मिनिटं ठेवा आणि आतच निवू द्या. ओव्हन नसेल तर कोरड्या बरणीत दोन चमचे ब्रँडी घालून ती सगळीकडे फिरवा आणि ओतून टाका.

तपासणी: बरणीचं झाकण लावून अर्धा तास ठेवा. आत बाष्प धरलं तर बरणी अजून ओली आहे.

## टप्पा २: कोणतं फळ, कधी, किती

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी डिसेंबरपासून मार्चपर्यंत मिळते. सुरुवातीची फळं मोठी आणि महाग असतात. ब्रँडीसाठी फेब्रुवारीतली लहान, आतपर्यंत लाल, वासाची स्ट्रॉबेरी घ्या. कापल्यावर आत पांढरी आणि पोकळ निघाली तर ती खायला ठेवा. त्याच सुमाराला पिवळी रसभरीही येते. तिच्या कागदी आवरणाला जपा, ते ओलं असेल तर आतलं फळ चिकट झालेलं असतं. तुती मार्चच्या आसपास. करवंदं मे महिन्यात. जांभूळ मेअखेरपासून जूनभर, त्यात पालघरच्या बहाडोलीचं मिळालं तर गर भरपूर असतो. चेरी, आलुबुखार आणि पीच हिमाचल-काश्मीरकडून मे ते जुलैमध्ये येतात.

क्रॉफर्ड मार्केट, दादर, स्टेशनबाहेरच्या टोपल्या, कुठूनही घ्या, पण सकाळी घ्या आणि त्याच दिवशी वापरा. स्ट्रॉबेरीच्या पेटीत वरचा थर नेहमी देखणा असतो. पेटी उलटी धरून खालून बघा. तळाचा कागद लाल ओला झाला असेल तर खालची फळं फुटलेली आहेत. जांभळं आणि करवंदं वाट्यावर किंवा पानाच्या द्रोणात मिळतात, त्यामुळे किती आहेत याचा अंदाज चुकतो. घरी आल्यावर वजनकाट्यावर ठेवाच.

एका ७५० मिलिलिटरच्या बाटलीला साफ केलेलं, देठ-बिया काढलेलं ५०० ग्रॅम फळ लागतं. स्ट्रॉबेरी ६०० ग्रॅम आणावी. जांभूळ किलोभर आणा, बिया आणि फुटकी फळं वजा जाऊन जेमतेम तेवढा गर निघतो. आलुबुखार आणि पीच ६५०-७०० ग्रॅम.

निवडताना दया करू नका. बुरशीचा ठिपका असलेलं फळ कापून उरलेलं वापरायचं नाही, ते अख्खं टाका. मऊ फळात बुरशी डोळ्याला दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. आंबूस वास येणारी जांभळंही बाहेर. त्यांचं आंबणं झाडाखालीच सुरू झालेलं असतं.

## टप्पा ३: धुणं आणि सुकवणं

सगळ्यात जास्त बरण्या या टप्प्यावर बिघडतात.

स्ट्रॉबेरी देठासकट धुवायची. देठ आधी काढला तर त्या खड्ड्यातून पाणी आत शिरतं आणि कितीही पुसलं तरी बाहेर येत नाही. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन फळं पटकन बुडवून काढा, पाणी बदला, पुन्हा एकदा. भिजत ठेवू नका, मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवण्याचीही गरज नाही. तुती तर चाळणीत ठेवून वरून हलकं पाणी सोडलं की झालं, ती हाताळू तेवढी फुटते. करवंदं धुताना चीक हाताला लागतो. पूर्ण काळी, पिकलेलीच घ्या, आणि चीक जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांतून काढा. लालसर राहिलेल्या करवंदांचा चीक ब्रँडीत उतरतो आणि जिभेला बसतो.

धुतल्यावर स्वच्छ सुती पंचावर एका थरात पसरा आणि पंखा लावा. फेब्रुवारीत तासा-दीड तासात फळं कोरडी होतात. जूनमध्ये मात्र पंख्याच्या भरवशावर बसलात तर चार तासांनीही ओलीच राहतील, कारण हवाच पाण्याने भरलेली असते. पावसाळ्यात प्रत्येक फळ मऊ कापडाने टिपून घ्या, मग कोरड्या पंचावर पुन्हा पसरा. खोलीत एसी असेल तर त्या खोलीत ठेवा, एसी हवेतली ओल खेचतो. उन्हात ठेवू नका.

तपासणी: सुकलेलं फळ टिश्यू पेपरवर ठेवून एक मिनिट थांबा. कागदावर ओला डाग उठला नाही तर पुढे जा.

त्याच दिवशी ब्रँडीत घालणं जमत नसेल तर सुकवलेलं फळ चौथ्या टप्प्याप्रमाणे कापून, बिया काढून ताटात सुटं पसरून डीप फ्रीझरमध्ये ठेवा, कडक झालं की डब्यात भरा. यात नुकसान काहीच नाही. उलट बर्फाचे कण फळाच्या पेशी फोडतात आणि पुढे रस लवकर सुटतो. कोकणातून मे महिन्यात करवंदांची पिशवी आली आणि घरात लग्नाची गडबड असली तर हाच मार्ग. फ्रीझरमधलं फळ थेट ब्रँडीत घाला. आधी ओट्यावर वितळत ठेवलं तर तेवढ्या वेळात रस उघड्यावर बसतो.

## टप्पा ४: कापणं आणि बिया

स्ट्रॉबेरीचा देठ आता काढा, खालचा पांढरा भागही काढा आणि फळाचे दोन तुकडे करा. लहान असेल तर अख्खं चालेल, पण सुरीने एक चीर द्या. तुती अख्खी, फक्त हिरवी दांडी कात्रीने कापा. रसभरी अर्धी करा, नाहीतर तिची चकचकीत साल ब्रँडीला आत येऊच देत नाही. करवंद मधोमध कापून बिया सुरीच्या टोकाने काढा. काम वेळखाऊ आहे, पण बिया राहिल्या तर कडसर चव येते.

जांभूळ हाताने दाबून बी वेगळी करा. बीत तुरटपणा इतका आहे की चार-सहा बिया राहिल्या तरी जीभ आखडते. ‘बी मधुमेहाला चांगली, राहू द्या’ असं कुणी म्हणेल. मधुमेहासाठी जांभळाची ब्रँडी चांगली असते, हा समज घातक आहे. या पेयात साखर आहे आणि दारू आहे. मधुमेहाच्या काही औषधांबरोबर दारू घेतली तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

आलुबुखार, पीच आणि चेरीच्या कोया काढायच्याच. या कोयीच्या आतल्या बीमध्ये अमिग्डालिन असतं, त्यापासून सायनाइड तयार होतं. कोय फोडून बदामासारखा वास आणायच्या युक्त्या वाचायला मिळतात. त्या सोडून द्या. पीचची लव सालीसकट काढायची, बाकीच्यांची साल ठेवायची, रंग आणि वास सालीत जास्त असतो.

फळ मिक्सरमधून काढू नका. लगदा केला की काम लवकर होईल असं वाटतं, पण मग तो गाळताना दोन दिवस जातात आणि ब्रँडी कायमची गढूळ राहते.

## टप्पा ५: बरणी भरणं

गॅस बंद करा, देवापुढचा दिवा आणि उदबत्ती दुसऱ्या खोलीत ठेवा. चाळीस टक्क्यांच्या दारूवर साधारण २६ अंशांना पेट घेऊ शकेल एवढी वाफ जमते, आणि मुंबईत वर्षातले बहुतेक दिवस घरातलं तापमान त्याहून जास्तच असतं. बाटली उघडताना, ओतताना आणि पुढे गाळतानाही हे लक्षात ठेवा.

आधी अर्धी ब्रँडी बरणीत ओता. मग फळ हळूहळू सोडा. वरून उरलेली ब्रँडी. असं केल्याने प्रत्येक तुकडा पडल्या क्षणापासून ब्रँडीत असतो आणि तळाशी हवा अडकत नाही.

आता प्रमाणाबद्दल. ‘फळ जास्त तर चव जास्त’ हा मोह बऱ्याच जणांना नडतो. हिशोब असा आहे: ४२.८ टक्क्यांच्या ७५० मिलिलिटरमध्ये शुद्ध अल्कोहोल ३२१ मिलिलिटर. स्ट्रॉबेरीत साधारण ९० टक्के पाणी असतं, म्हणजे अर्ध्या किलोतून जवळपास साडेचारशे मिलिलिटर पाणी येऊन मिसळणार. एकूण द्रव बाराशेच्या आसपास, तीव्रता २६ टक्क्यांवर येते. यात काही आंबत नाही. आता त्याच बाटलीत किलोभर स्ट्रॉबेरी घातली तर तीव्रता वीसच्या खाली उतरते, आणि शेवटी साखर घातली की अठरापर्यंत. यीस्ट आणि बुरशीला रोखण्यासाठी हा आकडा अगदी काठावरचा आहे. त्यातही पहिले चार-पाच दिवस फळाच्या पोटात अल्कोहोल पुरता शिरलेला नसतो, त्यामुळे आतल्या आत तीव्रता आणखी कमी असते. वाइनची तर सुरुवातच बारा-तेरा टक्क्यांनी होते, म्हणून ती इथे चालत नाही.

फळ जास्त आहे? ब्रँडी जास्त घ्या किंवा उरलेल्याचा मुरंबा करा.

फळ वर तरंगतं, आणि जो तुकडा ब्रँडीच्या वर राहतो तो काळवंडतो किंवा बुरशी धरतो. बरणीच्या तोंडातून जाईल अशी छोटी काचेची वाटी उकळून, वाळवून वर ठेवा. तिच्या वजनाने फळ खाली राहतं. बरणी गळ्यापर्यंत भरलेली असावी. मोठ्या बरणीत अर्धाच माल असेल तर वरची हवा रंग आणि वास दोन्ही खाते.

झाकण लावा. बरणीवर चिठ्ठी चिकटवा: फळ, वजन, ब्रँडी किती, तारीख, आणि मोठ्या अक्षरांत ‘दारू आहे’. लाल रंगाची बरणी फ्रिजमध्ये दिसली की मुलं आणि पाहुणे सरबत समजतात.

## टप्पा ६: मुरवण

अंधार आणि गारवा, दोन्ही लागतात. स्वयंपाकघरातलं शेगडीवरचं कपाट ही घरातली सगळ्यात वाईट जागा आहे. खिडकीत ठेवून ‘ऊन दाखवणं’ लोणच्याला ठीक, इथे उन्हाने रंग उडतो. बेडरूमच्या कपाटाचा खालचा कप्पा चालेल. स्ट्रॉबेरी आणि तुती मात्र फ्रिजमध्येच ठेवा असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांचा लाल रंग उष्णतेने आणि उजेडाने फार लवकर उतरतो, आणि विटकरी झालेला रंग परत येत नाही.

पहिला आठवडा रोज एकदा बरणी हलकेच तिरकी करून फिरवा. जोरात हलवू नका, फळ फुटून गढूळपणा येतो.

किती दिवस, हे फळावर आहे. स्ट्रॉबेरीला सात ते दहा दिवस पुरतात. फळ पांढरंफटक पडलं म्हणजे द्यायचं ते देऊन झालं, त्यानंतर फक्त वरच्या बारीक बियांचा कडसरपणा उतरतो. तिला दोन महिने मुरवत ठेवणं ही वारंवार होणारी चूक आहे. जांभळाला दहा ते चौदा दिवस, आणि दहाव्या दिवसापासून रोज चव बघा, तुरटपणा एका रात्रीत वाढल्यासारखा वाटतो. तुती, रसभरी, करवंद आणि पीच तीन ते चार आठवडे. चेरी आणि आलुबुखार यांना घाई अजिबात चालत नाही, सहा ते आठ आठवडे द्या. चव घेताना कोरडा, स्वच्छ चमचा वापरा आणि अजून साखर घातलेली नाही हे लक्षात ठेवा. या वेळी ब्रँडी कडक आणि जरा आंबटच लागायला हवी.

काय दिसलं तर घाबरायचं? पहिल्या दोन दिवसांत फळातून हवेचे थोडे बुडबुडे येतात, ते ठीक. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतरही बारीक बुडबुड्यांची रांग सतत वर येत असेल, झाकण उघडताना फस्स होत असेल, तर आंबणं सुरू आहे. असं झालेलं दिसलं तर झाकण ताबडतोब सैल करा, बंद बरणीत वायू साठून काच फुटू शकते. वास व्हिनेगरसारखा असेल, किंवा वर केसाळ पांढरा-हिरवा थर असेल, तर सगळं ओतून टाका. वरचा थर काढून खालचं ‘वाचवणं’ नको. अधिक ब्रँडी ओतून ते दुरुस्तही होत नाही.

द्रवात तरंगणारे पारदर्शक, जेलीसारखे धागे मात्र निराळे. ते पेक्टिन. फळातलं पेक्टिन अल्कोहोलमध्ये गोठून बाहेर पडतं. स्ट्रॉबेरी, करवंद आणि आलुबुखारात हे हमखास दिसतं. त्याने काही बिघडत नाही, गाळताना निघून जातं.

## टप्पा ७: गाळणं

स्टीलच्या चाळणीत मलमलचं दुहेरी कापड घाला. कापड आधी उकळून वाळवलेलं असावं, आणि कपड्यांच्या साबणाचा वास येता कामा नये, तो वास ब्रँडी लगेच उचलते. बरणीतलं सगळं त्यावर ओता, वर ताट झाका आणि तीन-चार तास आपोआप ठिबकू द्या.

पिळू नका. कापडात अर्धा कप ब्रँडी राहिलेली दिसते आणि हात शिवशिवतात. पण त्या अर्ध्या कपाबरोबर सगळा गाळ आणि पेक्टिन खाली येतं आणि स्वच्छ लिटरभर माल गढूळ करतं. अडकलेली ब्रँडी फळातच राहू द्या, ते फळ पुढे उपयोगी पडणार आहे.

गाळलेला द्रव बाटलीत भरून दोन दिवस फ्रिजमध्ये स्थिर ठेवा. गाळ तळाशी बसला की वरचा द्रव हळूच दुसऱ्या भांड्यात ओता किंवा कॉफीच्या कागदी फिल्टरमधून सोडा. कागदातून जायला वेळ लागतो. पाव-पाव कप घाला, कागद तुंबला की बदला.

## टप्पा ८: साखर

आता द्रव मोजा. ५०० ग्रॅम फळ आणि ७५० मिलिलिटर ब्रँडीतून साधारण लिटरभर मिळतो. साखरेची सुरुवात लिटरला १०० ग्रॅमने करा. ती विरघळल्यावर चव बघा आणि हवी तर २५-२५ ग्रॅमने वाढवा. स्ट्रॉबेरी १५० पर्यंत, करवंद आणि आंबट आलुबुखार २०० पर्यंत जातात. गोड पीचला बऱ्याचदा शंभरही पुरतात. साखर शेवटी घालण्याचा हा दुसरा फायदा: त्या वर्षीच्या, त्या पेटीतल्या फळाची गोडी किती, हे कळल्यावरच निर्णय घेता येतो. आधी घातलेली साखर काढता येत नाही.

कोणती साखर? नेहमीची बारीक दाण्याची. अल्कोहोलमध्ये साखर सावकाश विरघळते, म्हणून दोन-तीन दिवस लागतील, रोज बाटली उलटीसुलटी करा. खडीसाखर चालते, पण तिला आठवडा लागतो. बाजारातली आयसिंग शुगर नको, तिच्यात बहुधा कॉर्नफ्लोअर असतं आणि ब्रँडी दुधाळ होते. गूळ घातला तर फळाची चव गुळाखाली दबते. घाईसाठी साखर विरघळवायला ब्रँडी गॅसवर गरम करणं तर कधीच नको. पाक करायचाच असेल तर दोन भाग साखरेला एक भाग पाणी घेऊन, उकळून, पूर्ण थंड करून मिसळा, मात्र जेवढं पाणी तेवढी तीव्रता उतरते.

काही जण ऑनलाइन मिळणारं अल्कोहोल मोजायचं काचेचं यंत्र बुडवतात आणि आकडा अगदी खाली बघून हबकतात. ते यंत्र फक्त पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणासाठी असतं. साखरेने द्रव जड झाला की त्याचं वाचन खोटं येतं. वरच्या हिशोबाने स्ट्रॉबेरीची ब्रँडी साखरेनंतर २४ टक्क्यांच्या जवळपास असते, तेच धरून चाला. म्हणजे गोड लागली तरी ती वाइनच्या जवळपास दुप्पट कडक आहे. ३० मिलिलिटरचा छोटा पेला, जेवणानंतर, एवढंच तिचं माप. गाडी चालवायची असेल त्यांना आणि गरोदर बायकांना द्यायची नाही.

## टप्पा ९: बाटली, आणि उरलेलं फळ

लहान बाटल्या मोठ्या बाटलीपेक्षा बऱ्या, कारण उघडलेली बाटली लवकर संपते आणि बाकीच्या बंद राहतात. गळ्यापर्यंत भरा, झाकण घट्ट लावा, चिठ्ठी लावा. लगेच प्यायलात तर दारू वेगळी आणि फळ वेगळं लागतं. स्ट्रॉबेरीला तीन-चार आठवडे, बाकीच्यांना दोन महिने द्या, मग दोन्ही एकजीव होतात.

यावरून वर्षाचं गणित मांडा. नाताळला वांद्र्या-वसईच्या मैत्रिणींकडे न्यायची असेल तर डिसेंबरच्या स्ट्रॉबेरीची ब्रँडी वेळेत होणार नाही. त्यासाठी जूनचं जांभूळ किंवा जुलैचा आलुबुखार भरा. फेब्रुवारीत भरलेली स्ट्रॉबेरी एप्रिलमध्ये ऐन रंगात असते आणि पावसाळा संपायच्या आत संपवावी. आलुबुखार आणि चेरी वर्षभर सुधारत राहतात.

गाळून उरलेलं फळ फेकू नका. जांभूळ आणि स्ट्रॉबेरीत फार काही उरत नाही, पण चेरी, आलुबुखार, पीच आणि करवंद काचेच्या डब्यात, वरून दोन चमचे साखर घालून, फ्रिजमध्ये दोन आठवडे छान राहतात. आइस्क्रीमवर घ्या किंवा केकमध्ये घाला. भाजलेल्या केकमधूनही सगळा अल्कोहोल उडून जात नाही, त्यामुळे मुलांसाठीचा केक वेगळा करा. डब्यावरही बरणीवरची तीच चिठ्ठी लावा, आणि डबा मुलांचा हात पोचणार नाही अशा वरच्या कप्प्यात ठेवा.